फायरस्टोन-एक्सप्लोरर प्रकरण: ट्रेड का सुटला आणि ते कळायला इतका वेळ का लागला

९ ऑगस्ट २००० रोजी ब्रिजस्टोन-फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत आपले टायर परत बोलावले, कारण धावताना त्यांचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा वरचा थर, सुटून निघत होता. पी२३५/७५आर१५ या मापाचे सगळे एटीएक्स आणि एटीएक्स-टू, आणि त्याच मापाचे पण फक्त इलिनॉयमधल्या डिकेटर कारखान्यात बनलेले वाइल्डरनेस एटी, असा रिकॉलचा आवाका होता. असे १ कोटी ४४ लाख टायर बनले होते आणि त्यातले सुमारे ६५ लाख अजून रस्त्यावर असावेत असा अंदाज होता. मोठा वाटा एकाच गाडीच्या चाकांवर होता: फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही एसयूव्ही. रिकॉल जाहीर झाला त्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे, या टायरांशी जोडलेले ४६ मृत्यू नोंदले गेले होते. चौकशीचा शेवट होईपर्यंत हा आकडा २७१ वर गेला.

या प्रकरणाबद्दल आजही पहिला प्रश्न येतो तो 'चूक टायरची की गाडीची?' हा. दोन्ही कंपन्यांनी वर्षभर हाच वाद घातला. आमच्या मते या प्रश्नाने प्रकरण उलगडत नाही. टायर तेव्हाच्या सरकारी मानकाची चाचणी पास होत होता. फोर्डची २६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) हवेची शिफारस कायद्यात बसत होती. गाडी विकायला कोणताही नियम आड येत नव्हता. प्रत्येक टायरमध्ये उष्णता, भार आणि वय सोसण्याची एक राखीव क्षमता असते. इथे ती चार-पाच ठिकाणी थोडी थोडी खर्च झाली. प्रत्येकाने आपल्यापुरता हिशेब केला आणि उरलेली क्षमता शाबूत आहे असे धरले. सगळ्या खर्चाची बेरीज एका कागदावर कोणीच मांडली नाही.

टायरच्या आत काय होते

हा टायर स्टील बेल्टचा रेडियल. सगळ्यात आत हवा धरून ठेवणारा लायनर, त्यावर पॉलिस्टरच्या धाग्यांचे थर, म्हणजे प्लाय, त्यावर एकावर एक दोन स्टील बेल्ट आणि वर ट्रेडचे रबर. बेल्ट म्हणजे पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा रबरात बसवून केलेला पट्टा. दोन्ही बेल्टच्या तारा एकमेकींना छेद देतील अशा तिरप्या असतात. रबर तारेला धरून राहते ते त्या पितळेमुळे. बेल्ट कापला की कापलेल्या टोकाला मुलामा उरत नाही, उघडे पोलाद राहते आणि तिथे रबर नीट चिकटत नाही. म्हणजे बेल्टच्या दोन्ही कडांना, टायरच्या शोल्डरखाली (ट्रेड संपून बाजू सुरू होते तो भाग), हजारो बारीक जागा जन्मापासूनच सुट्या असतात.

चाक फिरताना टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे परत गोल होतो. प्रत्येक फेरीत दोन बेल्टच्या कडा एकमेकींवर किंचित सरकतात. या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३ सेंटीमीटर. ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११३ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या घेते. तासाभरात पन्नास हजार वेळा तो सांधा सरकतो. त्याला आधार म्हणून दोन्ही बेल्टच्या कडांमध्ये रबराची एक पट्टी घालतात. कारखान्यात तिला वेज म्हणतात. ही पट्टी जितकी जाड, तितका सरकण्याचा ताण जास्त रबरात वाटला जातो. ती पातळ झाली की तोच ताण थोड्या रबराला सोसावा लागतो.

भेग पडण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी तारांच्या टोकांभोवती रबर सुटते. मग शेजारशेजारच्या सुट्या जागा जोडल्या जाऊन कडेने गोलाकार भेग पडते. त्यानंतर ती भेग दोन बेल्टच्या मधून आतल्या बाजूला सरकू लागते. उष्णता हा वेग वाढवते, कारण तापलेले रबर फाटायला कमी जोर लागतो. वरून ऑक्सिजनची भर पडते. टायरमधली दाबाखालची हवा लायनरमधून अगदी हळू झिरपत राहते आणि वर्षानुवर्षे आतल्या रबराला कडक, ठिसूळ करते. म्हणून हा बिघाड नव्या टायरमध्ये क्वचित दिसतो. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या, वरून ट्रेड चांगला उरलेल्या टायरमध्ये तो दिसतो. मालकाला बाहेरून टायर ठीकच वाटतो.

ताशी ११३ किलोमीटरला ट्रेडचा प्रत्येक ग्रॅम सुमारे २७० ग्रॅम वजनाच्या जोराने बाहेर ओढला जातो. आतली भेग पुरेशी वाढली की वरचा बेल्ट आणि ट्रेड एकत्र उचकटून निघतात. अशा वेळी टायर फुटतोच असे नाही. खालचा बेल्ट आणि प्लाय जागेवर राहतात आणि कित्येकदा हवाही टिकून असते.

सुटून पडलेला तुकडा उलटा करून पाहिला तर त्यावर या बिघाडाचा इतिहास वाचता येतो. कडेजवळ रबर गुळगुळीत, जवळजवळ घासून चकचकीत झालेले असते: ही जुनी भेग, दोन पृष्ठभाग महिनोन्महिने एकमेकांवर घासत राहिल्याची खूण. आत मध्याकडे रबर खडबडीत, ताजे फाटलेले असते: ते शेवटच्या काही क्षणांतले. गुळगुळीत पट्टा रुंद असेल तर समजावे की बिघाड फार आधी सुरू झाला होता. फक्त दगड किंवा खड्ड्याचा मार बसून फाटलेल्या टायरमध्ये असा पट्टा पूर्ण परिघावर सापडत नाही.

पहिला खर्च: रचना

एनएचटीएसएने ऑक्टोबर २००१ मध्ये काढलेल्या निष्कर्षात बोट ठेवले ते शोल्डरवरच्या खाचेवर. या टायरांच्या शोल्डरवर ट्रेडच्या नक्षीचा भाग म्हणून खोलगट कप्पे होते. कप्प्याच्या तळाशी बेल्टच्या कडेवर ताण जास्त येत होता. शिवाय साच्यात टायर भाजला जाताना त्याच ठिकाणी रबर दाबले जाऊन वेज पातळ होत होती. जिथे जाडी सगळ्यात जास्त हवी, नेमकी तिथेच ती कमी.

कंपनीने १९९८ मध्ये वेजची रचना बदलली. मे १९९८ पर्यंत हा बदल सगळ्या कारखान्यांत लागू झाला आणि त्यानंतरच्या टायरांमध्ये कडेची ताकद वाढली. म्हणूनच एनएचटीएसएने दोषाची सीमारेषा मे १९९८ ला आखली. एखाद्या उत्पादनात मधेच केलेली छोटी सुधारणा चौकशीत इतकी मोलाची ठरते: आधीचा आणि नंतरचा माल वेगळा काढता आला की कारण सापडते.

दोन्ही बेल्टवर नायलॉनचा एक पूर्ण थर गुंडाळला असता तर बेल्टच्या कडा जागेवर दाबून धरल्या गेल्या असत्या. वेगाच्या टायरांत हा उपाय तेव्हाही माहीत होता. त्याने टायरमागे खर्च आणि थोडे वजन वाढते. या टायरांत तो नव्हता. सरकारी उष्णता-श्रेणीत हे टायर 'सी' होते, म्हणजे विक्रीला परवानगी असलेली सर्वांत खालची श्रेणी.

दुसरा खर्च: कारखाना

दाव्यांची आकडेवारी कारखान्यांनुसार वेगळी केल्यावर डिकेटर उठून दिसला. कंपनीच्या स्वतःच्या शोधात एक कारण पुढे आले ते रबर मिसळण्याच्या पद्धतीचे. डिकेटरमध्ये रबराच्या गोळ्या करत. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना वंगण लावत आणि मग पुढच्या मिश्रणात घेत. इतर कारखाने लाद्या वापरत. ते वंगण नीट विरघळून पसरले नाही तर रबराची पकड कमी होऊ शकते.

याच कारखान्यात जुलै १९९४ मध्ये संप सुरू झाला. कंपनीने बदली कामगार घेतले आणि करार होईपर्यंत डिसेंबर १९९६ उजाडला. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर आणि अलेक्झांड्र मास यांनी पुढे उत्पादनाची तारीख आणि दावे यांची सांगड घातली. त्यांना डिकेटरचे टायर दोन काळांत जास्त बिघडलेले आढळले: कंपनीने सवलतींची मागणी पुढे केली त्या संपाआधीच्या महिन्यांत, आणि संपावरून परतलेले कामगार बदली कामगारांच्या शेजारी उभे राहून काम करू लागले तेव्हा. केवळ नवशिक्या हातांनी काम बिघडवले असते तर सर्वांत वाईट काळ फक्त बदली कामगारांचा असायला हवा होता; आकडे तसे म्हणत नाहीत. टायर बांधणीत अजूनही बरेचसे काम माणसाच्या नजरेवर आणि हातावर चालते. जोड किती सरळ बसला, रबराची पट्टी किती शिळी झाली, हे ठरवणारा माणूस रागावलेला किंवा दमलेला असेल तर त्याचा परिणाम मालात उतरतो.

पण सगळे डिकेटरवर ढकलून चालले नाही. उत्तर कॅरोलिनातल्या विल्सन आणि क्वेबेकमधल्या ज्योलिएट कारखान्यांच्या टायरांतही, कमी प्रमाणात आणि थोडे उशिरा, तीच भेग त्याच जागी वाढताना दिसली. एनएचटीएसएने वापरातून परत आणलेले टायर शिअरोग्राफीने तपासले. या पद्धतीत टायर निर्वात पेटीत ठेवून लेझरने पृष्ठभागाचा सूक्ष्म फुगवटा मोजतात. आत पोकळी असेल तर तिथला भाग किंचित उचलला जातो आणि टायर न कापता भेग दिसते. उष्ण दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या टायरांत ती दिसली. रचना कमकुवत होती. डिकेटरने ती लवकर उघडी पाडली.

तिसरा खर्च: हवा आणि भार

फोर्डने एक्सप्लोररसाठी २६ पीएसआय हवा सांगितली होती. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, लिहिलेला कमाल दाब ३५ होता. एक्सप्लोररची आखणी चालू असताना तीव्र वळणाच्या चाचण्यांमध्ये गाडीच्या स्थिरतेचा प्रश्न आला होता. त्यावर केलेल्या बदलांमध्ये हवेचा दाब कमी ठेवणे हाही एक उपाय होता. हवा कमी असली की टायर मऊ होतो, वळणावर रस्ता कमी जोराने पकडतो आणि गाडी उलटण्याआधी घसरते. गाडीत बसणाऱ्यालाही धक्के कमी जाणवतात.

टायरच्या बाजूने पाहिले तर हाच निर्णय उष्णतेचा आहे. हवा कमी म्हणजे टायर जास्त चपटा होणार, जास्त वाकणार, जास्त तापणार. टायरची भार पेलण्याची क्षमता हवेच्या दाबाशी बांधलेली असते. ३५ पीएसआयला जे वजन तो पेलतो, ते २६ ला पेलत नाही. शिवाय 'पी' मापाचा टायर एसयूव्हीला लावला की त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरतात, कारण अशी गाडी जास्त ओझ्याने आणि जास्त वाकड्या वापराने चालते. ही वजाबाकी केल्यावर पाच माणसे, मागे सामान आणि छतावर बोजा अशा एक्सप्लोररच्या मागच्या टायरांकडे फारसे काही शिल्लक राहत नव्हते.

आणि २६ हा आकडा प्रत्यक्षात २६ राहत नाही. कोणताही चांगला टायर महिन्याला साधारण १ पीएसआय हवा गमावतो. तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की आणखी १ पीएसआय जातो. चार-पाच महिने हवा न तपासणारा मालक २१-२२ वर गाडी चालवत असतो आणि रेडियल टायर बाहेरून तेवढा बसलेला दिसतही नाही. ३० पासून सुरुवात केली तर तोच निष्काळजीपणा २५-२६ वर येऊन थांबतो. चार पीएसआयचा फरक गाडीच्या चालीत क्षुल्लक वाटतो, पण दुर्लक्ष पचवण्याची ताकद त्या चार पीएसआयमध्येच होती. रिकॉलनंतर फायरस्टोनने ३० ची शिफारस केली आणि फोर्डनेही ती स्वीकारली.

फोर्डचा बचाव मात्र पोकळ नव्हता. १९९५ ते १९९७ या वर्षांतल्या काही लाख एक्सप्लोररना गुडइयरचे टायर होते. गाडी तीच, २६ पीएसआय तेच, आणि ट्रेड सुटण्याच्या घटना नगण्य. यातून एवढे सिद्ध होते की २६ पीएसआय एकट्याने टायर मारत नाही. २६ पीएसआय निर्दोष होते असे मात्र त्यातून निघत नाही. राखीव क्षमता भरपूर असलेल्या टायरने तो खर्च सोसला, काठावरच्या टायरला तो सोसवला नाही.

गाडीत काय होत होते

उष्ण राज्य, उन्हाळा, मोठा वेग आणि मागचे चाक, विशेषतः डावे, हे घटक अपघातांत पुन्हा पुन्हा आले. टेक्सस, फ्लोरिडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातून तक्रारी सर्वांत जास्त होत्या.

मागच्या टायरचा ट्रेड सुटला की आधी धडधड आणि मोठा आवाज येतो. सुटलेली पट्टी चाकाच्या कमानीवर आपटत असते. गाडी त्या बाजूला ओढली जाते. खरा धोका त्यानंतरचा आहे. ट्रेड गेलेल्या चाकाची बाजूने धरून ठेवण्याची ताकद बरीच घटते. मागची पकड पुढच्यापेक्षा कमी झाली की स्टिअरिंग थोडे वळवले तरी मागचा भाग बाहेर फेकला जातो. घाबरलेला चालक दोन गोष्टी एकदम करतो: ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंग झटक्याने उलट फिरवतो. ब्रेकमुळे वजन पुढे जाऊन मागचे चाक आणखी हलके होते. गाडी आडवी होते. उंच गुरुत्वमध्याची गाडी आडवी घसरत मातीत किंवा कडेच्या उतारावर गेली की उलटते.

एक्सप्लोरर याबाबत इतर एसयूव्हींपेक्षा वाईट होती का? रिकॉलनंतर फायरस्टोनने एनएचटीएसएकडे गाडीचीच चौकशी मागितली. फेब्रुवारी २००२ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. ट्रेड सुटल्यावर एक्सप्लोररची वागणूक तशाच इतर एसयूव्हींपेक्षा लक्षणीय वेगळी नाही, असे प्रशासनाने म्हटले. हे वाक्य अनेकदा गाडीला मिळालेले प्रशस्तिपत्र म्हणून वापरले जाते. नीट वाचले तर त्याचा अर्थ असा की त्या काळची ही सगळीच गाड्यांची जात अशा प्रसंगी सावरायला अवघड होती.

इशारा कुठे अडकला

आमच्या दृष्टीने प्रकरणाचा सर्वांत शिकण्याजोगा भाग हा आहे, कारण रबर आणि तारा यांपेक्षा कागदांनी इथे जास्त वेळ घालवला.

टायर कंपनीकडे दोन प्रकारची माहिती येते. पहिली वॉरंटीची: मालक खराब टायर घेऊन दुकानात येतो, झीज मोजून त्याला नव्या टायरवर सूट मिळते. दुसरी दाव्यांची: अपघात झाला, गाडीचे नुकसान झाले, माणूस जखमी झाला किंवा गेला, आणि भरपाईची मागणी आली. दर्जाचे काम पाहणारे अभियंते मुख्यतः वॉरंटीचे आकडे पाहत. दावे कायदा आणि विमा पाहणाऱ्यांकडे जात. वेगात ट्रेड सुटून गाडी उलटली तर तो टायर घेऊन कोणी सूट मागायला दुकानात येत नाही. म्हणजे जो बिघाड सर्वांत घातक, तोच वॉरंटीच्या तक्त्यात सर्वांत कमी दिसतो.

फोर्डची अडचण उलटी होती. गाडीच्या इतर प्रत्येक भागाची वॉरंटी फोर्ड देत असे, त्यामुळे त्या भागांचे बिघाड तिच्याकडे नोंदले जात. टायरची वॉरंटी टायर कंपनीची. फायरस्टोनचे दावे फोर्डच्या हाती आले ते जुलै २००० च्या अखेरीस. कारखाना आणि वर्ष यांनुसार ते लावताच डिकेटरचे चित्र दिसले आणि त्यानंतर दोनएक आठवड्यांत रिकॉल जाहीर झाला. आकडे आधीपासून होते. ते मांडायला कोणी एकत्र बसले नव्हते.

बाहेरून इशारा त्याआधीच आला होता. स्टेट फार्म या विमा कंपनीतले संशोधक सॅम बॉइडन यांनी जुलै १९९८ मध्ये एनएचटीएसएला २१ प्रकरणे कळवली: टायर फायरस्टोन, ट्रेड सुटलेला. त्यावर चौकशी उघडली गेली नाही. देशभरातल्या कोट्यवधी टायरांपुढे २१ हा आकडा किरकोळ वाटला. इथे तुलनेचा आधारच चुकला. एकूण टायरांशी नव्हे, त्याच वर्गातल्या इतर टायरांच्या दाव्यांशी तुलना करायला हवी होती. बिघाडाचा दर लाखात काहीच असला तरी शेजारच्या टायरचा दर त्याच्या कितीतरी पट खाली असेल, तर तो किरकोळ राहत नाही.

परदेशातही खुणा उमटत होत्या. फोर्डने ऑगस्ट १९९९ मध्ये सौदी अरेबियात, पुढे मलेशिया आणि थायलंडमध्ये, आणि मे २००० मध्ये व्हेनेझुएलात टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. ते देश उष्ण, वेग जास्त, म्हणून तिथला प्रश्न वेगळा, असे मानले गेले. खरे तर कडक हवामान हे पुढे येणाऱ्या काळाचे दर्शन असते. सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये जे लवकर घडते, तेच टेक्ससमधल्या ह्यूस्टनमध्ये काही काळाने घडते. आणि ह्यूस्टनमध्येच फेब्रुवारी २००० मध्ये केएचओयू या दूरचित्रवाणी वाहिनीने या अपघातांवर वृत्त दाखवले. तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि २ मे २००० रोजी एनएचटीएसएने प्राथमिक चौकशी उघडली.

रिकॉल प्रत्यक्षात कसा अडखळला

पहिली योजना टप्प्याटप्प्याची होती: आधी ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सस, मग इतर उष्ण राज्ये, शेवटी उरलेला देश. कारण साधे होते, एवढे टायर तयार नव्हते. धोक्याच्या हिशेबाने ही विभागणी बरोबरच होती. पण उत्तरेकडच्या राज्यातल्या मालकाला 'तुमचा टायर सदोष आहे, पण थांबा' असे सांगणे टिकणारे नव्हते. काही दिवसांतच इतर कंपन्यांचे टायर घेऊन टायरमागे १०० डॉलरपर्यंत परतावा देण्याची सोय करावी लागली. फोर्डने तीन कारखान्यांतली गाड्यांची जुळणी थांबवून सुमारे ७० हजार टायर रिकॉलकडे वळवले.

मालकाला आपला टायर त्यात आहे का हे कळण्यासाठी टायरवर छापलेला डीओटीचा, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याचा, क्रमांक पाहावा लागे. डिकेटरचे टायर 'व्हीडी' या अक्षरांनी ओळखता येत. पण पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असे आणि ती बाजू बऱ्याचदा गाडीच्या आत असे. म्हणजे टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे व्हायचे. स्टेपनी तर अनेकांनी पाहिलीच नाही. बदली म्हणून दुकानातून सुटे घेतलेल्या टायरांची नोंदणी तर फारच कमी झालेली, त्यामुळे ते कोणाच्या गाडीवर आहेत हे कंपनीला ठाऊकच नव्हते.

१ सप्टेंबर २००० रोजी एनएचटीएसएने आणखी १४ लाख टायरांबद्दल स्वतःच ग्राहकांना सावध केले, कारण कंपनीने ते रिकॉलमध्ये घ्यायला नकार दिला होता. त्याच महिन्यात काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, सुनावण्या झाल्या. फायरस्टोनचे प्रमुख मासातोशी ओनो आणि फोर्डचे प्रमुख जॅक नासर यांना उत्तरे द्यावी लागली. ओनो यांची जागा ऑक्टोबरमध्ये जॉन लँप यांनी घेतली. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर पुरवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांच्या काळापासून, जवळजवळ शतकभर चाललेला व्यवहार तिथे संपला. दुसऱ्याच दिवशी फोर्डने उरलेले १ कोटी ३० लाख वाइल्डरनेस एटी बदलून देण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २००१ मध्ये एनएचटीएसएच्या निष्कर्षानंतर फायरस्टोनने आणखी सुमारे ३५ लाख टायरांचा रिकॉल मान्य केला. डिकेटर कारखाना त्याच वर्षाअखेरीस बंद झाला. दोन कंपन्यांमधला पैशांचा वाद २००५ मध्ये ब्रिजस्टोनने फोर्डला २४ कोटी डॉलर देऊन मिटवला.

नियमांत काय बदलले

१ नोव्हेंबर २००० रोजी 'ट्रेड' (TREAD) नावाच्या वाहनसुरक्षा कायद्यावर सही झाली. आता कंपन्यांना दावे, मृत्यू, जखमा आणि वॉरंटीचे आकडे ठरावीक काळाने एनएचटीएसएला द्यावे लागतात. परदेशात सुरक्षेसाठी केलेली मोहीमही कळवावी लागते. सौदी अरेबियातले टायर बदलणे आता तिथलेच म्हणून सोडता येत नाही.

टायरच्या चाचणीचे जुने मानक १९६० च्या दशकातले, रेडियल टायर सर्रास होण्याआधीचे. त्यात टिकाऊपणाची चाचणी ताशी ८० किलोमीटरला होत असे. नव्या मानकात ती ताशी १२० किलोमीटरला ३४ तास चालते आणि लगेच त्याच टायरची हवा १४० किलोपास्कलवर, म्हणजे सुमारे २० पीएसआयवर आणून पूर्ण भाराने आणखी दीड तास चालवतात. भाराचा नियमही घट्ट झाला: शिफारस केलेल्या हवेला टायर जितके वजन पेलू शकतो, त्याच्या ९४ टक्क्यांपेक्षा जास्त वजन नेहमीच्या भाराला त्यावर येता कामा नये. एसयूव्हीसाठी १.१० ने भागून आलेला आकडा धरायचा. गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी स्थिरता यंत्रणा सप्टेंबर २०११ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना सक्तीची झाली. उलटण्याच्या अपघातांवर आमच्या मते याच यंत्रणेचा उपयोग सर्वांत मोठा आहे.

गाड्यांचा ताफा सांभाळणाऱ्यांनी काय पाहावे

ताशी ४० ते ६० किलोमीटरला सुरू होणारा आणि बॅलन्सिंग करूनही न जाणारा कंप हे पहिले लक्षण. त्याच चाकाला पुन्हा पुन्हा वजन लावावे लागत असेल तर वजन वाढवत बसू नये, टायर उतरवावा. जॅकवर चाक घेऊन हळू फिरवावे आणि हाताचा तळवा शोल्डरवरून सरकवावा. एखाद्या जागी फुगवटा किंवा मऊ उंचवटा लागला तर तो टायर गाडीवर परत चढवू नये. शोल्डरच्या खाचांच्या तळाशी परिघाने जाणारी बारीक चीर दिसली तरी तेच. दोन्ही कडा मध्यापेक्षा जास्त झिजल्या असतील तर हा टायर बराच काळ कमी हवेवर चालला आहे. आता हवा बरोबर भरली तरी आत झालेले नुकसान भरून येत नाही. पंक्चर शोल्डरमध्ये असेल तर टायर बाद. ट्रेडच्या मध्यात असेल तर टायर रिममधून काढून आतून पॅच आणि प्लग दोन्ही लावावे. बाहेरून नुसती वात खुपसली तर हवा आणि पाणी बेल्टपर्यंत पोहोचते आणि तारा गंजू लागतात.

वेगात ट्रेड सुटल्यास ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, ॲक्सिलरेटर हळू सोडावा, गाडी आपोआप संथ होऊ द्यावी आणि वेग पुरेसा उतरल्यावरच कडेला घ्यावी.

टायरमधली हवा कमी झाल्याचे सांगणारा दिवा सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत असतो. पण त्याचा हिशेब समजून घ्यावा. शिफारशीपेक्षा दाब २५ टक्क्यांनी खाली गेला की तो लागतो, आणि 'पी' टायरसाठी १४० किलोपास्कल ही खालची मर्यादा आहे. २६ पीएसआय शिफारस असलेल्या गाडीत तो सुमारे २० ला लागेल. २१ पीएसआयवर, पूर्ण भाराने, उन्हाळ्याच्या दुपारी महामार्गावर चाललेल्या गाडीत दिवा बंदच असेल. ज्यांच्या गाड्या ओझ्याने चालतात, त्यांनी दर महिन्याला टायर थंड असताना गेजने हवा मोजावी. मागच्या चाकांवर येणारे वजन एकदा काट्यावर घालून पाहावे आणि त्या हवेला टायर किती पेलतो याच्या तक्त्याशी ताडावे.